मास्तराची परीक्षा आणि सरकारची परीक्षा

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र व तामिळनाडू या राज्यांतून आलेल्या प्रकरणांत जो निकाल दिला, त्याने प्राथमिक शिक्षकवर्गात मोठी खळबळ उडविली. पहिली ते आठवीच्या वर्गांस शिकविणाऱ्या ज्या शिक्षकांच्या सेवेची पाच वर्षांहून अधिक मुदत शिल्लक आहे, त्यांनी दोन वर्षांच्या आत शिक्षक पात्रता परीक्षा उतरलीच पाहिजे, अन्यथा त्यांस नोकरी सोडावी लागेल किंवा सक्तीने निवृत्त केले जाईल. पाच वर्षांहून कमी मुदत राहिलेल्यांस परीक्षेवाचून निवृत्तीपर्यंत काम करता येईल, परंतु बढती मिळणार नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ आहे. अल्पसंख्याकांच्या संस्थांस हा नियम लागू करावा किंवा कसे, हा प्रश्न न्यायालयाने मोठ्या न्यायपीठाकडे सोपविला.

या निकालावरून लोकांत दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणतो, वीस-वीस, पंचवीस-पंचवीस वर्षे ज्यांनी खेड्यापाड्यांत मुले शिकविली, त्यांस आता परीक्षेच्या बाकावर बसविणे हा त्यांचा उपमर्द आहे. दुसरा पक्ष म्हणतो, सरकारी तिजोरीतून पगार घेणाऱ्याने साधी परीक्षा देण्यास कां कू का करावे? आमच्या मते हे दोन्ही पक्ष अर्धेच बोलतात. मुलापुढे उभे राहणारा शिक्षक पात्र असलाच पाहिजे, याविषयी आमच्या मनात तिळमात्र संशय नाही. परंतु पात्र शिक्षक ही वस्तु परीक्षेच्या कागदातून निपजत नाही. ती घडवावी लागते, निवडावी लागते, पोसावी लागते. आणि ही तिन्ही कामे सरकारची आहेत. शिक्षकाची परीक्षा घेताना सरकारने स्वतःचीही परीक्षा दिली पाहिजे, एवढेच प्रस्तुत लेखात आम्हांस सांगावयाचे आहे.

शिक्षक होण्यासही काही शिक्षण लागते, ही कल्पना आपल्याकडे फार जुनी नाही. गावठी शाळेतील पंतोजीस कोणी सर्टिफिकीट विचारीत नसे. त्याचे अक्षर वळणदार असले, त्यास मोडी वाचता आली आणि पावकी-निमकी तोंडपाठ असली म्हणजे झाले. १८५४ च्या वुडसाहेबांच्या खलित्याने प्रत्येक इलाख्यात शिक्षक घडविण्याच्या शाळा काढाव्यात अशी शिफारस केली, आणि तेव्हापासून 'ट्रेंड मास्तर' हा शब्द आपल्या खेड्यांतही रुळू लागला. तथापि सरकारी खलित्याची वाट न पाहता हे मर्म ओळखणारे लोक आपल्यांत होते. सावित्रीबाई फुले यांनी अहमदनगर येथे मिस फरार व पुणे येथे मिचेलबाई यांच्याकडे अध्यापनाचे शिक्षण घेतले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ज्या काळी बाईने अक्षर गिरविणे हेच पाप मानले जाई, त्या काळी केवळ लिहितावाचता येणे पुरेसे नाही, शिकविणे ही निराळी विद्या आहे व ती मुद्दाम शिकली पाहिजे, असे या बाईस वाटले, ही गोष्ट आजच्या शिक्षणखात्याने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

पुढे १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुले यांनी जे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शिक्षकासंबंधी त्यांनी दोन गोष्टी एकाच दमात मागितल्या. शिक्षक हा शिकवून तयार केलेला असावा आणि त्याचा पगार बारा रुपयांहून कमी नसावा. मोठ्या गावी तो पंधरा ते वीस रुपये असावा. शिवाय शक्य तो तो शेतकरीवर्गातून यावा, म्हणजे त्यास गावच्या लोकांत मिळूनमिसळून राहता येईल, असेही त्यांनी सांगितले. पात्रता व पोट यांची त्यांनी फारकत केली नाही. शिक्षकाकडून काय घ्यावयाचे हे सांगताना त्यास काय द्यावयाचे हेही त्यांनी आकड्यानिशी सांगितले. हाच धागा धरून कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९३५ साली सातारा येथे ग्रामीण शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज काढले. खेड्यातील गरिबाचा मुलगा शिक्षक व्हावा असे वाटत असेल, तर त्यास शिक्षक होण्याची सोयही आपणच करून दिली पाहिजे, हा त्यांचा हिशेब होता. नुसती अट घालून मोकळे व्हावे, असे या थोर पुरुषांपैकी कोणासही वाटले नाही.

आता आजची व्यवस्था पाहू. कारण पुष्कळ पालकांस, किंबहुना शिक्षक होऊ इच्छिणाऱ्या कित्येक तरुणांसही, तिची पुरती माहिती नसते. २००९ चा बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या तेविसाव्या कलमाने शिक्षकाची किमान पात्रता ठरविण्याचा अधिकार केंद्राने नेमलेल्या संस्थेकडे गेला, आणि राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेने ती पात्रता ठरविली. पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी उमेदवार बारावी उत्तीर्ण असावा, त्यास निदान पन्नास टक्के गुण असावेत (राखीव प्रवर्गांस यात सवलत आहे) आणि त्याने दोन वर्षांची पदविका घेतलेली असावी. पूर्वी हिला डी.एड. म्हणत, हल्ली डी.एल.एड. म्हणतात. सहावी ते आठवीसाठी पदवी व तिच्या जोडीस डी.एल.एड. किंवा बी.एड. पाहिजे. नववी-दहावीसाठी पदवी व बी.एड., आणि अकरावी-बारावीसाठी त्या विषयातील पदव्युत्तर पदवी व बी.एड. लागते. बी.एड. झालेल्यास लहान मुलांचा वर्ग द्यावा की नाही, हा वाद बरीच वर्षे चालला. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकालात काढला आणि पहिली ते पाचवीसाठी बी.एड. ही पात्रता नव्हे असे ठरविले. आमच्या मते हा निकाल योग्य झाला. सहा वर्षांच्या मुलास अक्षरओळख करून देणे हे सोळा वर्षांच्या मुलास भूमिती शिकविण्याहून हलके काम नाही. ते वेगळे काम आहे व त्याचे शिक्षणही वेगळे आहे.

पदविका अगर पदवी हाती आली म्हणजे उमेदवार शिक्षक झाला असे नाही. पहिली ते आठवीसाठी त्यास शिक्षक पात्रता परीक्षा द्यावी लागते. महाराष्ट्रात ती प्रथम डिसेंबर २०१३ मध्ये झाली. दीडशे प्रश्न, दीडशे गुण व अडीच तासांचा अवधी. साठ टक्के, म्हणजे नव्वद गुण मिळाले की उमेदवार पात्र ठरतो, राखीव प्रवर्गांस काही सूट आहे. या प्रमाणपत्राची मुदत पूर्वी सात वर्षांची होती. २०२१ साली ती आजन्म करण्यात आली. यानंतर आणखी एक पायरी आहे. सरकारी भरतीसाठी शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी नावाची दोनशे गुणांची परीक्षा संगणकावर घेतली जाते. तिच्यात उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा प्रकार नाही. मिळालेल्या गुणांच्या क्रमाने 'पवित्र' नामक प्रणालीतून शाळा मिळते. शाळा मिळाल्यावरही तीन वर्षे 'शिक्षण सेवक' म्हणून ठरावीक मानधनावर काम करावे लागते, आणि मग कोठे तो मनुष्य पुऱ्या पगाराचा शिक्षक होतो.

अटींची ही यादी लांबलचक आहे. परंतु केवळ लांबीसाठी आम्ही तिला दोष देणार नाही. वैद्याच्या हाती आपण नाडी देतो, तेव्हा त्याची विद्या तपासलेली असावी असे आपणास वाटते. मग आठ वर्षे, रोज पाच-सहा तास, ज्याच्या हाती आपण लेकरू देतो, त्याची विद्या का तपासू नये? ज्या काळी शाळांतील नेमणुका वशिल्याने होत आणि खासगी संस्थांतून शिक्षकाच्या खुर्चीस उघडउघड भाव फुटे, तो काळ काही फार मागे पडलेला नाही. त्या बाजारास आळा घालावयाचा तर सर्वांस सारखी, नाव-गाव-जात न विचारणारी परीक्षा हेच एक साधन आहे. ज्याचा कोणी काका-मामा संस्थेच्या कमिटीवर नाही, अशा पारधी वस्तीतल्या किंवा ऊसतोडणी कामगाराच्या घरातल्या हुशार मुलास ही परीक्षा म्हणजे उघडा दरवाजा आहे. सबब पात्रता परीक्षा मुळीच नको, या ओरडीस आमची संमती नाही.

परंतु या परीक्षेने काय मोजले जाते आणि काय मोजले जात नाही, हेही स्वच्छ सांगितले पाहिजे. पहिल्या पेपरात बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित व परिसर अभ्यास या पाच भागांचे प्रत्येकी तीस प्रश्न असतात, व प्रत्येकाच्या चार उत्तरांतून एक निवडावयाचे असते. विषयाचे ज्ञान जोखण्यास हा प्रकार पुरेसा आहे. पण शिक्षकाचे खरे कसब कोठे लागते ते पाहा. दुसरीतील मुलगी पाटीवर बेचाळीस वजा सतरा असे मांडते आणि उत्तर पस्तीस लिहिते. अजाण शिक्षक 'चूक' म्हणून फुली मारतो व पुढे जातो. जाणता शिक्षक क्षणभर थांबतो. त्याच्या ध्यानात येते की मुलीने चारातून एक वजा केला, पण एककांच्या घरात दोनातून सात जात नाहीत असे पाहून सातातून दोन वजा केले. म्हणजे तिला वजाबाकी येते, दशक सुटे करणे येत नाही. तो चार काड्यांचे गठ्ठे व दोन सुट्या काड्या तिच्यापुढे ठेवतो, एक गठ्ठा सोडावयास सांगतो, आणि पंचवीस हे उत्तर तिचे तिलाच सापडते. चार उत्तरांतून एक निवडण्याच्या परीक्षेत हे कसब दिसत नाही. नंदुरबारच्या डोंगरातील ज्या मुलाच्या घरी भिली बोलली जाते, किंवा गडचिरोलीतील ज्या मुलाच्या घरी गोंडी बोलली जाते, त्यास पहिल्या दिवशी मराठीच्या वर्गात रडू येते, तेव्हा त्यास कसे जवळ घ्यावे, त्याच्या शब्दावरून आपल्या शब्दाकडे कसे न्यावे, हेही तेथे दिसत नाही.

यावर कोणी म्हणतील, हे पाहण्यासाठीच तर दोन वर्षांची पदविका आहे. तीत सराव पाठ असतात, पाठ टाचणे असतात, शाळेतील आंतरवासिता असते. हे खरे, आणि येथेच सरकारच्या परीक्षेचा पहिला पेपर सुरू होतो. ही पदविका देणारी विद्यालये कशी आहेत? याविषयी आम्ही आमच्या पदरचे काही सांगत नाही. महाराष्ट्रातील २९१ नव्या डी.एड. संस्थांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तेव्हा न्यायालयाने न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. तपासणीअंती त्यांतील बहुसंख्य संस्था मान्यतेस योग्य नाहीत असे दिसून आले, आणि २०१२ च्या आपल्या अहवालात आयोगाने साऱ्या देशातील शिक्षक-शिक्षणाच्या दुरवस्थेवर बोट ठेवले. ज्या विद्यालयात पुस्तकालय नाही, शिकविणारा पुरेसा नाही आणि सराव पाठ वहीतच घेतले जातात, तेथून बाहेर पडलेला तरुण पात्रता परीक्षेत नापास झाला, तर दोष त्याचा किती आणि त्या विद्यालयास परवानगी देणाऱ्याचा किती? शेतकऱ्याच्या घरातील पैसे घेऊन निकृष्ट शिक्षण द्यावयाचे आणि मग परीक्षेत त्यासच नालायक ठरवावयाचे, हा न्याय नव्हे.

दुसरा पेपर सचोटीचा. जानेवारी २०२० मध्ये झालेल्या पात्रता परीक्षेत पैसे घेऊन गुण वाढविल्याचे प्रकरण २०२१ च्या अखेरीस पुणे पोलिसांनी उघडकीस आणले. परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांस अटक झाली, आणि पुढे २०२२ साली सात हजार आठशेंहून अधिक उमेदवारांवर कारवाई करण्यात आली. ज्यांनी पैसे दिले ते दोषी आहेतच. पण अभ्यास करून एखाद-दुसऱ्या गुणाने मागे राहिलेल्या प्रामाणिक उमेदवाराची त्या वर्षी जी फसवणूक झाली, तिची भरपाई कोणत्याही कारवाईने होण्यासारखी नाही. जी परीक्षा दुसऱ्याची पात्रता ठरविते, ती आधी स्वतः निष्कलंक असली पाहिजे.

तिसरा पेपर वक्तशीरपणाचा. पात्रता परीक्षा वर्षातून निदान एकदा घ्यावी, असे राष्ट्रीय परिषदेच्या मार्गदर्शक सूचनांतच आहे. आपल्याकडे नोव्हेंबर २०२१ नंतरची परीक्षा नोव्हेंबर २०२४ मध्ये झाली. अभियोग्यता चाचणीची गोष्ट याहून वेगळी नाही. पहिली २०१७ च्या डिसेंबरात झाली, दुसरी २०२३ साली, तिसरी २०२५ साली. त्याच्याही मागे जावे तर मे २०१२ मध्ये सरकारने शिक्षकभरतीच थांबविली होती, आणि 'पवित्र' प्रणालीतून प्रत्यक्ष नेमणुका होण्यास २०१९ साल उजाडले. याचा अर्थ काय? ज्या मुलीने २०१२ साली विसाव्या वर्षी पदविका घेतली आणि पुढच्याच वर्षी पात्रता परीक्षा उतरली, तिला पहिली शाळा मिळण्याची संधी सत्ताविसाव्या वर्षी आली. मधली सात वर्षे तिने शिकवणीवर, शिलाईवर किंवा खासगी शाळेतील तुटपुंज्या रोजगारावर काढली. मराठवाड्यात, विदर्भात, कोकणात असे तरुण व तरुणी कोणास ठाऊक नाहीत? पदविकेकडे येणाऱ्या हुशार मुलांचा ओघ आटला, तर त्यात नवल ते कोणते?

चौथा पेपर कायद्याचाच आहे. ज्या कायद्याने शिक्षकावर पात्रतेची अट घातली, त्याच कायद्याने सरकारावरही अटी घातल्या आहेत. पण त्यांचा उच्चार क्वचितच होतो. प्राथमिक वर्गांत तीस मुलांमागे एक शिक्षक पाहिजे, हे प्रमाण त्यानेच घालून दिले. सव्विसाव्या कलमाप्रमाणे शाळेतील मंजूर पदांपैकी दहा टक्क्यांहून अधिक पदे रिकामी राहता कामा नयेत. सत्ताविसाव्या कलमाप्रमाणे जनगणना, आपत्तीनिवारण व निवडणुका यांवाचून अन्य अशैक्षणिक कामास शिक्षकास जुंपता येत नाही. तेविसावे कलम शिक्षकास दोन वर्षांची घटका मोजून लागू होते. मग सव्विसावे व सत्ताविसावे कलम सरकारास कोणत्या घड्याळाने लागू होणार? एकाच कायद्याच्या लागोपाठच्या कलमांपैकी दुबळ्यावरचे तेवढे अमलात आणावे आणि बलवंतावरचे बासनात ठेवावे, ही रीत लोकराज्यास शोभत नाही.

राहिला पगाराचा पेपर. शिक्षण सेवक योजना २००० साली आली. प्राथमिक शिक्षण सेवकाचे मानधन आरंभी महिना तीन हजार रुपये होते, पुढे सहा हजार झाले आणि जानेवारी २०२३ पासून सोळा हजार करण्यात आले. ही वाढ स्वागतार्ह आहे. पण ती होण्यास किती काळ जावा लागला याचा विचार करा. पदविका, पात्रता परीक्षा, अभियोग्यता चाचणी हे सर्व पार पडल्यावर ज्यास सरकारने स्वतःच पात्र म्हणून निवडले, त्यास पुन्हा तीन वर्षे उणा पगार का? उमेदवारीच्या काळात अनुभवी शिक्षक त्याच्या वर्गात बसून त्याचे पाठ पाहत असते, त्यास सुधारीत असते, तर या तीन वर्षांस शिक्षणाचा काळ म्हणता आले असते. परंतु तसे न करता काम पुरे घ्यावयाचे आणि दाम अपुरे द्यावयाचे, यास काटकसर म्हणतात, शिक्षण म्हणत नाहीत. जोतीरावांनी १८८२ साली बारा रुपयांचा आकडा का सांगितला होता, हे येथे पुन्हा आठवावे.

आता ज्या सेवेतील शिक्षकांच्या डोक्यावर दोन वर्षांची मुदत टांगली आहे, त्यांच्याविषयी दोन शब्द. त्यांची नेमणूक झाली तेव्हा जी पात्रता सरकारने मागितली ती त्यांनी दाखविली होती, आणि त्या काळी ही परीक्षाच नव्हती. सबब त्यांस अपात्र, कामचुकार किंवा फुकटे म्हणणे हा निव्वळ अन्याय आहे. पण त्यांच्या पुढाऱ्यांसही आमचे एक सांगणे आहे. अनुभव दोन प्रकारचा असतो. वीस वर्षे शिकविणे वेगळे, आणि एकच वर्ष वीस वेळा शिकविणे वेगळे. पहिल्या प्रकारच्या शिक्षकास या परीक्षेचे भय बाळगण्याचे कारण नाही, आणि दुसऱ्या प्रकारच्या शिक्षकास अभय देणे हे त्याच्या वर्गातील मुलांवर अन्याय करणे होय. जे शिक्षक दरवर्षी मुलांस 'परीक्षेस भिऊ नका' असे सांगतात, त्यांनी आपली पाळी आली असता परीक्षाच रद्द करा असा घोष करावा, हे मुलांच्या डोळ्यांसमोर बरे दिसत नाही. तथापि पन्नाशीच्या घरातील बाईस किंवा मास्तरास, ज्यांनी कित्येक वर्षांत उत्तरपत्रिका तपासल्या पण लिहिल्या नाहीत, अभ्यासाची सवय पुन्हा लावून घेण्यास वेळ व साह्य लागणार. तालुक्याच्या गावी सुटीत वर्ग भरवावेत, पुस्तके मोफत द्यावीत, मुदतीच्या आत पुरेशा संधी मिळतील अशा बेताने परीक्षा घ्याव्यात, आणि या काळात कायद्याबाहेरच्या कामांतून त्यांस पूर्ण मोकळे करावे. इतके करूनही जो उतरणार नाही, त्याच्याविषयी कायदा काय तो निर्णय घेईल. इतके न करता मुदत संपली म्हणून त्यास घरी पाठविले, तर तो त्याचा नव्हे, खात्याचाच नापास म्हणावा लागेल.

पुढील व्यवस्थेविषयी आमच्या सूचना थोड्या व साध्या आहेत. पात्रता परीक्षा, अभियोग्यता चाचणी व भरती या तिन्हींच्या तारखा वर्षारंभी जाहीर व्हाव्यात आणि त्या पाळल्या जाव्यात. अध्यापक विद्यालयांची तपासणी आगाऊ सूचना न देता व्हावी आणि प्रत्येक विद्यालयाचे किती विद्यार्थी पात्रता परीक्षा उतरले ते दरसाल छापले जावे, म्हणजे पालकास पैसे कोठे भरावे व कोठे भरू नये हे कळेल. निवडीत प्रत्यक्ष पाठास स्थान द्यावे. खासगी संस्थांत मुलाखतीच्या मार्गाने होणाऱ्या नेमणुकांत उमेदवाराचे अध्यापन पाहण्याची सोय आहे. पण जिल्हा परिषदेच्या शाळेवर जाणाऱ्या उमेदवाराने वर्गापुढे उभे राहून शिकविले आणि ते कोणी पाहिले, असा प्रसंगच निवडीत येत नाही. परीक्षक बाहेरच्या जिल्ह्यातील असावा, पाठाचे चित्रण ठेवावे, म्हणजे वशिल्यास वाव राहणार नाही. शेवटी, नेमणुकीनंतरची तीन वर्षे पुऱ्या पगाराची पण देखरेखीची असावीत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी.एड. ही शिक्षकाची किमान पदवी करण्याचे योजिले आहे. योजना चांगली आहे. पण चार वर्षांचा खर्च झेपेल अशी शिष्यवृत्ती व वसतिगृह तिच्या जोडीस नसेल, तर ज्या शेतकऱ्या-कामकऱ्यांच्या घरांतून जोतीराव शिक्षक मागत होते, त्या घरांसच हा दरवाजा बंद होईल.

लोकांसही यात कर्तव्य आहे. सरकारी व स्थानिक संस्थांच्या प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती असावी व तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत, असे कायदाच सांगतो. या पालकांनी गणवेश व खिचडी यांच्या चौकशीबरोबर आणखी चार प्रश्न सभेत विचारावेत. आमच्या शाळेत मंजूर पदे किती? भरलेली किती? रिकामे पद किती महिने रिकामे आहे? आमच्या गुरुजींस व बाईंस गेल्या महिन्यात वर्गाबाहेरच्या कोणत्या कामावर किती दिवस पाठविले? उत्तर लेखी मागावे व ते ग्रामसभेत वाचून दाखवावे. शिक्षकाने पात्रतेचे प्रमाणपत्र दाखविले की नाही, हे विचारण्याचा आपला हक्क आहेच. पण तो प्रश्न विचारणाऱ्या पालकाने त्याच सभेत हे चार प्रश्नही विचारले, तरच त्याच्या मुलास शिक्षक मिळेल. नाही तर प्रमाणपत्रे फायलींत राहतील आणि वर्गातील खुर्ची रिकामी राहील.